चांद्याचा पाद्री आणि निष्ठेची शपथ

ख्रिस्ती धर्म आणि राजकारण असा विषय निघाला, की आपल्या मनात गोवा येतो, वसई येते, केरळ येतो, फार तर नागालँड-मिझोराम येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची आठवण कोणालाच होत नाही. कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास भरली, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. आणि त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे-वसई, पुणे या पट्ट्यातले. आपल्या जंगलभागात तर हे प्रमाण त्याहून कमी. निवडणुकीला उभा राहणारा कोणताही उमेदवार येथे ख्रिस्ती मतांचा हिशेब मांडत बसत नाही.

मग बोलायचे कशाबद्दल? सार्वजनिक जीवनात श्रद्धेचा वाटा नेहमी मतांच्या संख्येवर मोजता येत नाही. जुन्या चांदा जिल्ह्याच्या इतिहासात ख्रिस्ती धर्माच्या निमित्ताने एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. माणसाने आपल्या श्रद्धेपायी वेगळी बाजू धरली, तर त्याची निष्ठा कोणाकडे समजायची? राजाकडे, राष्ट्राकडे, जातीकडे, की गावाकडे? हा प्रश्न इंग्रज बिशपने विचारला, स्वतंत्र भारतातल्या सरकारी समितीने विचारला, आणि आज गावोगावच्या ग्रामसभाही तो विचारू लागल्या आहेत. विचारणारे बदलले, प्रश्न तोच राहिला.

चांदा म्हणजे आजचे दोन जिल्हे, हे येथे सांगून ठेवतो. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ साली चांदा हा इंग्रजांचा जिल्हा झाला. त्याचे नाव चंद्रपूर झाले ते १९६४ च्या सुमारास, आणि त्यातून गडचिरोली वेगळा निघाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगेच्या पलीकडचे सगळे जंगल, भामरागड, एटापल्ली, थेट गोदावरीकाठचे सिरोंचा, हे सारे तोवर चांद्यातच होते.

या मुलखातील गोंडांबद्दल पहिल्यांदा आस्थेने लिहिणाऱ्यांत एक पाद्री होता. नागपूरचा स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली तो नागपुरात आला, शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि गोंडांची गाणी, शब्द, देवदेवता टिपून ठेवल्या. १८६३ साली टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात त्याचा अंत झाला. त्याची टिपणे पुढे रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली, आणि लिंगोची कथा पहिल्यांदा छापील पानावर आली. धर्मांतर करायला आलेल्या माणसाने ज्यांचे धर्मांतर झाले नाही त्यांचा धर्म कागदावर जपून ठेवावा, याची मला नेहमी गंमत वाटते.

चांदा शहरातले मिशन मात्र हिस्लॉपच्या पंथाचे नव्हते. ते स्कॉटलंडमधल्या एपिस्कोपल चर्चचे. आणि या मिशनच्या सुरुवातीच्या वर्षांत, १८७० नंतर, येथे काम करून गेलेला माणूस आपल्यापैकीच एक होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोऱ्हे. चित्पावन ब्राह्मण, काशीत वाढलेले, षड्दर्शनांचे पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर त्यांच्या विचारांचा ठसा होता, हे अनेकांना ठाऊक असेल. पण हा पंडित कधी काळी चांद्याच्या परकोटाआड राहत होता, हे चंद्रपूरकरांनाही फारसे माहीत नसते. तिकडे दक्षिणेला सिरोंच्यात अमेरिकन मेथॉडिस्ट मिशन आले. तेथली भाषा तेलुगू, व्यवहार गोदावरीपलीकडे, त्यामुळे चांद्याचे आणि सिरोंच्याचे ख्रिस्ती एकमेकांना अनोळखीच राहिले.

आता ज्याच्यासाठी हे भाषण आहे त्या पाद्र्याकडे वळू. अलेक्झांडर वूड हा स्कॉटिश धर्मोपदेशक १८९८ च्या सुमारास चांद्याला आला. आला तो दुष्काळाच्या तोंडावर. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. त्या काळात मध्य प्रांतातल्या बहुतेक मिशनांप्रमाणे चांद्याच्या मिशनच्या दारातही पोरकी मुले येऊन पडली. वूडने येथे वीसेक वर्षे काढली. १९०६ साली त्याने एडिंबरोमध्ये या मिशनवर पुस्तक छापले, त्याच्या नावातच चांदा आहे. १९१९ मध्ये तो छोटा नागपूरचा बिशप झाला आणि १९२६ मध्ये नागपूरचा. म्हणजे वूड हा विलायतेहून थेट बिशपच्या खुर्चीवर येऊन बसलेला साहेब नव्हता. जंगलातले रस्ते, पावसाळ्यात तुटणारी गावे, हिवताप, सगळे त्याने सोसलेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या प्रसंगात त्याची बाजू लंगडी दिसते, आणि माणूस एका प्रसंगावरून ओळखायचा नसतो.

प्रसंग १९३२ चा आहे. दुसऱ्या बाजूला होता व्हेरियर एल्विन.

एल्विन इंग्रज, एका बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला. १९२७ साली तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला. जॅक विन्स्लो यांनी काढलेली ही संस्था मोठी विलक्षण होती. खादी घालणारे, जमिनीवर बसून जेवणारे, शाकाहारी इंग्रज आणि भारतीय ख्रिस्ती तेथे एकत्र राहत. एल्विन साबरमतीला गेला आणि गांधीजींचाच झाला. काँग्रेसच्या बाजूने लिहू लागला, बोलू लागला. जानेवारी १९३२ मध्ये मुंबईला मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि त्याचा मित्र शामराव हिवाळे त्याच घरात मुक्कामाला होते.

शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती. अहमदनगर कॉलेज १९४७ साली स्थापन करणारे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांचे धाकटे बंधू. एल्विनचे नाव जगभर झाले, त्याच्यावर मोठमोठी चरित्रे निघाली; शामरावांनी प्रधान जमातीवर १९४६ साली उत्तम ग्रंथ लिहिला, आयुष्य गोंडांच्या खेड्यांत घालवले, आणि मराठीत त्यांच्यावर चार ओळी शोधाव्या लागतात. असो.

या दोघांनी ठरवले होते की गोंडांमध्ये जाऊन राहायचे. ही कल्पना वल्लभभाई पटेल आणि जमनालाल बजाज यांच्याशी झालेल्या बोलण्यांतून पुढे आली होती. हरिजनांसाठी काम करणारे पुष्कळ आहेत, आदिवासींकडे कोणी पाहत नाही, असा तो विचार. अखेर मंडला जिल्ह्यातले करंजिया हे गाव त्यांनी निवडले. ते गाव नागपूरच्या बिशपच्या अधिकारक्षेत्रात येत होते. अँग्लिकन धर्मगुरूला आपल्या क्षेत्राबाहेर उपासना चालवायची तर तेथल्या बिशपचा परवाना लागतो. एल्विनने तो मागितला. बिशप होता अलेक्झांडर वूड. वूडने अट घातली, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घे.

एल्विनने नकार दिला. परवाना मिळाला नाही.

येथे जरा थांबून पाहिले पाहिजे. ही शपथ वूडच्या डोक्यातून निघालेली नव्हती. अँग्लिकन पंथात ती जुनीच रीत होती. इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचा प्रमुख. पण हिंदुस्थानात परिस्थिती तेव्हा बदललेली होती. १९२७ च्या इंडियन चर्च अ‍ॅक्टने येथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे झाले होते, आणि १९३० पासून ते अमलातही आले होते. म्हणजे कायद्याने चर्च सरकारपासून सुटले होते, मन सुटले नव्हते. आणि वूडला दिसत असलेला धोकाही अगदी खोटा नव्हता. मिशनच्या शाळांना सरकारी अनुदान, जमिनीला सरकारी परवानगी, जंगलात फिरायला जिल्हाधिकाऱ्याची मर्जी. एक पाद्री काँग्रेसचा झाला तर सगळ्यांकडे संशयाने पाहिले जाणार. पहिल्या महायुद्धानंतर तर ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांकडून सरकार सरळ लिहून घेत असे, की स्थापित सरकारचा आदर राखू आणि राजकारणात पडणार नाही. सिरोंच्याच्या अमेरिकन मेथॉडिस्टांसारख्यांना हाच नियम लागू. मदुरेच्या राल्फ कीथान या अमेरिकन मिशनऱ्याला एका इंग्रज गांधीवाद्याला घरी ठेवून घेतले म्हणून १९३० साली देश सोडावा लागला.

राजकारणात पडू नका, या आज्ञेचा अर्थ त्या काळी एकच होता. सरकारच्या बाजूने असणे हे राजकारण समजले जात नव्हते. विरुद्ध असणे तेवढे राजकारण.

गांधीजींनी एल्विनला पत्रातून धीर दिला. बिशपचे बोलणे मनाला लावून घेऊ नकोस, सारी पृथ्वीच तुझे व्यासपीठ आहे, अशा अर्थाचे ते पत्र आहे. त्याच वर्षी एल्विन इंग्लंडला गेला, तेव्हा परत येण्यासाठी पारपत्र मिळेना. काँग्रेसच्या चळवळीत भाग घेणार नाही, फक्त गोंडांमध्ये काम करीन, असे सरकारला लिहून दिल्यावरच त्याला येता आले. चर्चची शपथ त्याने नाकारली होती, सरकारची अट मात्र त्याला मान्य करावी लागली. हळूहळू तो चर्चपासून दूर गेला आणि १९३५ च्या नोव्हेंबरात त्याने चर्चचा राजीनामाच दिला. पुढचा एल्विन आपल्याला मानवशास्त्रज्ञ म्हणून माहीत आहे. बस्तरच्या मुरिया-माडियांवरचे त्याचे काम गडचिरोलीच्या माडियांना समजून घेऊ पाहणाऱ्याला आजही टाळता येत नाही. मधली सीमा नकाशावरची, माणसे तीच.

१९३२ हे वर्ष भारतीय ख्रिस्ती मंडळींसाठी कसोटीचे होते. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात एस. के. जॉर्ज नावाचे केरळी ख्रिस्ती तरुण अध्यापक होते. गांधीजींचा सत्याग्रह हाच आजच्या काळातला क्रूस आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि त्यापायी त्याच वर्षी नोकरी सोडली. जे. सी. कुमारप्पा यांनी तर १९३० सालीच ‘यंग इंडिया’तून मिशनऱ्यांना प्रश्न केला होता. तुम्ही अहिंसेचा उपदेश करता, मग निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडतात तेव्हा गप्प का? कुमारप्पा पुढे वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करू लागले. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते प्रमुख होते, आणि येशूच्या शिकवणीवरचे आपले पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले. जॉर्ज हेही नंतर वर्ध्यालाच वाणिज्य महाविद्यालयात शिकवायला आले. चांद्यापासून वर्धा किती दूर? जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. ख्रिस्ती माणूस म्हणजे सरकारधार्जिणा, हा समज आपल्याकडे पक्का होता आणि काही अंशी खराही होता. पण तो ज्यांनी खोटा पाडला त्यांतले काही आपल्याच शेजारी राहत होते.

आता एस. के. जॉर्ज हे नाव लक्षात ठेवा, कारण ते पुन्हा येणार आहे, आणि अगदी अनपेक्षित जागी.

स्वातंत्र्य आले. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये धर्मप्रचाराच्या हक्कावर चांगलीच खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र यांनी ‘प्रचार’ हा शब्दच वगळा म्हटले. कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णमाचारी यांनी तो राखण्याच्या बाजूने मांडणी केली, आणि शब्द राहिला. पुढच्या वर्षी, मे १९४९ मध्ये, धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या. त्या ठरावामागे उभे राहणाऱ्यांत घटना समितीचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी होते, स्वतः ख्रिस्ती. ख्रिस्ती पुढाऱ्यांनी राखीव जागा सोडल्या आणि प्रचाराचा हक्क ठेवला. हा सौदा होता असे मी म्हणणार नाही, पण ज्यांनी तो प्रचाराचा शब्द मान्य केला त्यांच्या मनावर या संयमाचा परिणाम झाला नसेल, असेही वाटत नाही.

पाचच वर्षांत प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या काळी चांदा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. पूर्वेकडच्या जशपूर, सरगुजा, रायगड या पूर्वीच्या संस्थानांतून तक्रारी येत होत्या की मिशनरी आदिवासींना फूस लावून बाटवतात, आणि झारखंडच्या वेगळ्या राज्याच्या मागणीला हवा देतात. १४ एप्रिल १९५४ रोजी सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीत एकच ख्रिस्ती सदस्य होते, वर्ध्याचे प्रा. एस. के. जॉर्ज.

समितीने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. गावोगाव फिरून हजारो माणसांचे म्हणणे ऐकले. कॅथलिक संघटनांनी सुरुवातीला सहकार्य केले, मग प्रश्नच पक्षपाती आहेत म्हणून पाठ फिरवली. प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. १९५६ मध्ये अहवाल बाहेर आला. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावे, दवाखाना आणि शाळा यांचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्याच्या मुळाशी असलेला धागा मला महत्त्वाचा वाटतो. धर्म बदलला की माणसाची देशावरची निष्ठा पातळ होते, असा तो धागा आहे.

अहवालावर जॉर्ज यांचीही सही आहे. ख्रिस्ती वर्तुळात त्यांच्यावर टीका झाली. मला मात्र त्यांची भूमिका समजते. परक्या पैशावर आणि परक्या सत्तेच्या सावलीत वाढलेले चर्च त्यांनी तरुणपणी आतून पाहिले होते, त्याची किंमत मोजली होती. एल्विनचेही तसेच. चर्च सोडल्यावर १९४४ साली त्याने मंडला जिल्ह्यातल्या डच कॅथलिक मिशनऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली होती, ठक्करबाप्पांना साथीला घेऊन. आदिवासींना त्यांचे गोटुल, गाणी, देव टिकवू द्या, असे त्याचे म्हणणे. पण या दोघांच्या तक्रारीत आणि अहवालाच्या निष्कर्षात एक अंतर आहे, ते जॉर्ज यांनी सही करताना कितपत जोखले होते कोण जाणे. एल्विन-जॉर्ज यांची तक्रार चर्चच्या सत्तेबद्दल होती. अहवालातला संशय मात्र मिशनऱ्यापाशी थांबत नाही. तो ज्याने बाप्तिस्मा घेतला त्या उराव शेतकऱ्यापर्यंत जातो.

आणि उराव-मुंडांच्या छोटा नागपुरात काय घडले होते? चांद्याहून वूड जेथे बिशप म्हणून गेला, त्याच रांचीत अँग्लिकन मिशनच्या शाळेत एक मुंडा मुलगा शिकला, पुढे ऑक्सफर्डला गेला, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार झाला. जयपालसिंग मुंडा. घटना समितीत सबंध देशातल्या आदिवासींचा आवाज म्हणून तो उभा राहिला. मिशनच्या शिक्षणातून तेथे आदिवासींचे स्वतंत्र राजकारण निर्माण झाले. चांद्यात तसे झाले नाही. येथे गोंडांची स्वतःची राजघराणी होती, किल्ले होते, जमीनदाऱ्या होत्या. स्वाभिमानासाठी त्यांना मिशनच्या दारी जावे लागले नाही. १९६२ साली चांद्यातून लोकसभेवर अपक्ष निवडून आलेले लाल श्यामशहा हे गोंड जमीनदार होते, आणि त्यांच्या मागण्या जंगलाच्या, जमिनीच्या, गोंडवानाच्या होत्या. दोन वर्षांतच त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. ती स्वतंत्र कहाणी आहे.

१९५६ कडे परत येऊ. नियोगी अहवालाचेच ते वर्ष. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि १६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी तयारी केली होती. चांद्याच्या मैदानात हजारो कुटुंबांनी त्या दिवशी धर्म बदलला. चांदा जिल्ह्याने पाहिलेले सर्वांत मोठे धर्मांतर हेच, आणि त्यात मिशनऱ्याचा काहीही संबंध नव्हता.

ख्रिस्ती धर्माशी याचा संबंध काय, असे वाटेल. संबंध आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर ख्रिस्ती धर्मपीठांनी आंबेडकरांकडे आशेने पाहिले होते. त्यांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला, अस्पृश्यांमधील धर्मांतरावर लिहिलेही, आणि तो मार्ग नाकारला. कारणे अनेक होती. भारतीय ख्रिस्ती समाजात जात शिल्लक आहे, हे त्यांना दिसत होते. पण १९३६ मध्ये त्यांनी आणखी एक कारण उघड मांडले होते. इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर अस्पृश्य वर्ग राष्ट्रीय प्रवाहापासून तुटेल, आणि ख्रिस्ती झाल्यास ब्रिटिशांची पकड घट्ट होईल. म्हणजे निष्ठेचा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. फरक इतकाच, की वूड आणि नियोगी यांनी तो दुसऱ्यांना विचारला, आंबेडकरांनी तो आपल्या माणसांच्या वतीने स्वतःला विचारला आणि वीस वर्षे त्याचे उत्तर शोधले.

त्या उत्तराची किंमत होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, बौद्धांना केंद्राकडून मिळायला १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती अजून त्याबाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट तेव्हाही नव्हती. म्हणून गडचिरोलीतला माडिया ख्रिस्ती झाला तरी कायद्याने माडियाच राहतो, आणि चंद्रपूरचा दलित ख्रिस्ती झाला की कायद्याच्या लेखी दलित राहत नाही. एकाच जंगलरस्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांना राज्यघटनेच्या आदेशांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. आदिवासींनाही तशी अट लावावी, ही मागणी १९६० च्या दशकात कार्तिक उराव यांनी संसदेत नेली होती, आणि ‘डीलिस्टिंग’ या नावाने ती अजून अधूनमधून मोर्चे काढते.

दीक्षेनंतर पंधरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना झाली आणि चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. या सरहद्दीचा एक परिणाम फारसा कोणी नोंदवत नाही. नियोगी अहवालाच्या विचारातून मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो जानेवारी १९७७ मध्ये वैध ठरवला, आणि धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. हा कायदा झाला तेव्हा चांदा महाराष्ट्रात होता. पुनर्रचनेची रेषा थोडी पश्चिमेकडे सरकली असती, तर येथला इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

दरम्यान परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे अवघड होत गेले होते. चर्चने त्यावर जो मार्ग काढला तो चांद्यातच पहिल्यांदा दिसला. ३१ मार्च १९६२ रोजी रोमहून आदेश निघाला आणि चांदा हे केरळच्या सीरो-मलबार चर्चचे केरळबाहेरचे पहिले मिशन क्षेत्र झाले. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा आणि पलीकडचे आदिलाबाद असा त्याचा विस्तार. काम सोपवले कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या संघाकडे, ज्याची स्थापना १८३१ मध्ये केरळातल्याच मन्नानमला झाली होती. हे लोक आपली परंपरा पहिल्या शतकातल्या संत थॉमसपासून सांगतात. मुख्य ठाणे बल्लारशाला. १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय आणि या भागातल्या अनेक इंग्रजी शाळा याच परंपरेतल्या. परदेशी हस्तक हा नियोगी अहवालातला शब्द या मल्याळी धर्मगुरूंना लावणे कठीण होते. तरी खेड्यांत ते ‘बाहेरचे’च राहिले. मतदारसंघाच्या राजकारणात ते पडले नाहीत. त्यांच्या शाळेत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून सर्व पक्षांचे पुढारी चिठ्ठ्या देतात, एवढाच काय तो त्यांचा राजकारणाशी संबंध, असे एखाद्याने म्हटले तर फार चूक होणार नाही.

निष्ठेची मागणी आता गावाकडून येते आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांनी ग्रामसभेच्या जोरावर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला, देशाने त्याची वाहवा केली. सीमेपलीकडे छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात काही ग्रामसभांनी त्याच परंपरेचा आधार घेऊन पाद्र्यांना गावबंदीचे फलक लावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने, आमिषाने किंवा फसवणुकीने होणारे धर्मांतर रोखण्यासाठी लावलेले फलक घटनाबाह्य म्हणता येणार नाहीत, असे म्हटले. ग्रामसभेच्या अधिकाराची ही दोन रूपे आहेत, आणि पहिल्याचे कौतुक करणाऱ्यांना दुसऱ्याबद्दल बोलणे जड जाते.

बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एक वृद्ध पाद्री वारले. घराण्यात ख्रिस्ती धर्म येऊन पिढ्या झाल्या होत्या. आधीची माणसे त्याच गावात पुरलेली होती. गावाने या वेळी दफनाला विरोध केला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, मग सर्वोच्च न्यायालयात. तोवर पार्थिव जगदलपूरच्या शवागारात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निर्णय दिले. एकांच्या मते कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफन होऊ द्यावे. दुसऱ्यांच्या मते ते ख्रिस्ती लोकांसाठी नेमून दिलेल्या जागेतच व्हावे. मृतदेह आणखी ताटकळू नये म्हणून दोघांनी मिळून मग एकच आदेश काढला. त्याप्रमाणे दफन व्हायचे होते ते गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल येथील दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात.